डाव्या हातानं सारवलेली खोली

आबा, तुझ्या दहाव्याला कावळा लगेच शिवला आणि माझी मोठी पंचाईत झाली.

नीरेच्या काठावर पिंड ठेवून माणसं अजून धड मागं सरकली नव्हती, तोवर तो उतरला, घास उचलला आणि बाभळीवर जाऊन बसला. "आबाचं काय म्हंजी काय मागं न्हाय," सगळे म्हणाले. "गुणी माणूस." टोप्या नीट करून माणसं निघालीसुद्धा. मी मात्र तिथंच उभा. दहा दिवस मी मनात एक वाक्य घोळवत होतो. माझा बेत असा, की कावळा अडून बसेल, मग कुणी "पोरीकडं बघतो" म्हणेल, कुणी "वांग्यांना पाणी देतो" म्हणेल, आणि कुणाचंच ऐकलं नाही की मग मी पुढं होऊन तुझी माफी मागेन. पण तू कुठला थांबतोस! जिवंत होतास तोवर मला ती वेळ येऊ दिली नाहीस, आता तरी का देशील?

कशाची माफी ते तुला ठाऊक आहे. तरी सांगतो. मी शाळामास्तर, झालेला धडा परत घेतल्याशिवाय मला चैन पडत नाही.

तुझं जुनं घर म्हणजे कळंबच्या रस्त्याला, आपल्या वाडीतलं दोन खोल्यांचं धाब्याचं घर. पांढऱ्या मातीच्या भिंती, वर फळ्यांवर थापलेली माती, आणि दार असं की उंच माणसानं वाकूनच शिरावं. तुझ्या बापाची मेंढरं होती तेव्हा बाहेरच्या खोलीत कोकरं बांधायची. आतली खोली बिनखिडकीची, बाळंतिणीची. तुझी आत्या पहिलटकरीण म्हणून माहेरी आली आणि त्या आतल्या खोलीत तिला मुलगा झाला. तो मुलगा पुढं इंग्रजांच्या तुरुंगात गेला, तिथून दिल्लीला गेला, आणि अख्खा देश त्याला आप्पासाहेब म्हणायला लागला. तू एकटा "आमचा आप्पा" म्हणायचास. मला त्याचा फार हेवा वाटायचा, हे आज सांगून टाकतो.

आप्पासाहेब वारले आणि लोक विचारायला लागले, जन्मले कुठं? कोऱ्हाळे बुद्रुकला त्यांच्या वडिलांचं घर, तेही पडून गेलेलं. पण कोऱ्हाळकर हटायला तयार नाहीत. त्यातून तुझी सुमन तिथंच दिलेली, म्हणजे भांडण व्याह्यांशीच. "नाव आमच्या गावचं, माणूस आमच्या गावचा," असं तुझे व्याही भर पंगतीत म्हणाले, तेव्हा तू भाताचा घास खाली ठेवून म्हणालास, "नाव तुमचं. पर कळा हितं आल्यात." पंगत एवढी हसली की वाढप्याच्या हातातलं वरण सांडलं. तुझे व्याहीही हसले. पहिलं बाळंतपण माहेरी, हे काय कुणाला शिकवायला लागतं?

ती आतली खोली तू दर सोमवारी शेणानं सारवायचास. मळ्यात तू स्लॅबचं घर बांधलंस, मेंढरं जाऊन टोमॅटो-वांगी आली, तरी सोमवारी सकाळी बादली घेऊन तू जुन्या घरी हजर. तुझी आई नवी नवरी असताना त्या बाळंतपणात दिवा धरून उभी होती. तिनंच मरताना सांगितलं होतं, "जल्म झाल्याली भुई उघडी पडू दिऊ नगंस." तिच्यामागं वहिनींनी सारवलं. वहिनी गेल्यावर तू. विहिरीवरच्या बायका काय चेष्टा करायच्या तुझी! "आबा, आता बांगड्या बी भरा की!" तू म्हणायचास, "भरतो की. माझ्या मनगटाच्या मापाच्या आणा म्हंजी झालं."

आणि तू डावखुरा. बाकी सगळ्या घरांतून हाताचे अर्धगोल एका बाजूला वळलेले, तुझ्या खोलीत उलटे. आपल्या चौथीच्या मास्तरांनी या डाव्या हातावर किती छड्या ओढल्या! तू हात मागं घेतला नाहीस, शाळा सोडलीस. मेंढरांमागं गेलास. मी शिकलो, मास्तर झालो, हेडमास्तर म्हणून निवृत्त झालो आणि तुला जन्मभर शिकवत राहिलो. तू ऐकून घेतलंस. आता कुणाला शिकवू?

स्मारक समितीचा अध्यक्ष मला केलं ते माझ्या अक्षरासाठी. मुंबई, पुणे, दिल्ली, सगळीकडं माझे अर्ज गेले. शेवटी पुण्याहून पुरातत्त्व खात्याचं पत्र आलं, की त्यांच्या अधिकारी बाई जागेची पाहणी करायला येणार. पौषातली थंडी होती, उसाचे ट्रॅक्टर रस्त्याला लागले होते. त्याच आठवड्यात सुमनच्या धाकट्याचं जावळ, म्हणून तू कोऱ्हाळ्याला निघाला होतास. निघताना एसटीच्या पायरीवरनं तू किल्ली माझ्या हातात दिलीस. "मापं-बिपं घ्यायची आसली तर घ्या," म्हणालास. "सोमवारच्या आत येतो."

त्या किल्लीनं मी काय केलं, आबा!

मी दार उघडून आत बघितलं आणि मला लाज वाटली. खरं सांगतो, लाज. पुण्याच्या साहेबबाई येणार, आणि आप्पासाहेबांचं जन्मस्थान हे असं? शेणाची भुई, धुरानं काळवंडलेला कोनाडा, भिंतीतून डोकावणारं गवत? आपल्याकडं पाहुणा यायचा म्हटला की घर आवरायचं, चांगली चादर काढायची, शेजारच्याकडून कपबशा आणायच्या. ही आपली रीत. मी पारावर शब्द टाकायचा अवकाश, सगळी वाडी धावली. एकानं शहाबादी फरशी दिली, एकानं सिमेंट. चार गवंडी राबले. रंग कुठला द्यायचा यावरून वाद झाला आणि बहुमतानं पिस्ता ठरला. ऑइलपेंट, आबा. मातीच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा आणि त्यावर पिस्ता ऑइलपेंट! सहाव्या दिवशी खोली अशी चकाकायला लागली की मी माझ्या बायकोला मुद्दाम बघायला नेलं. तिनं चौफेर बघितलं आणि एवढंच विचारलं, "भावजींना विचारलंय का?" मी म्हणालो, "त्याला आनंदच होईल." एवढी अक्कल माझी.

रविवारी तू आलास. आम्ही सगळे ओट्यावर, कौतुक ऐकायला टपलेले. तू नेहमीसारख्या वहाणा बाहेर काढल्यास, वाकून आत शिरलास, आतल्या खोलीच्या उंबऱ्यात थांबलास आणि एक पाय आत टाकलास. मग दुसरा. बराच वेळ तू खाली बघत राहिलास.

"गार लागतंय, मास्तर," तू म्हणालास.

एवढंच. वहाणा घातल्यास आणि मळ्याकडं गेलास. सोमवारी सकाळी तुझी बादली मळ्यातल्या गोठ्यातच पालथी होती. मी बघून आलो होतो.

मंगळवारी बाई आल्या. तरुण होत्या, खांद्याला पिशवी, बोलायला गोड. हार घातले, नारळ झाला, चहा झाला. त्यांनी दोन्ही खोल्या बघितल्या आणि म्हणाल्या, "छान ठेवलंय तुम्ही. आता जुनं घर दाखवता?" माणसं हसली. त्यांना वाटलं बाई गंमत करतात. मी म्हणालो, "बाई, हेच जुनं." त्यांनी माझ्याकडं बघितलं, भिंतीला बोट लावलं, आणि हळूच पेनाला टोपण लावलं. मी इतकी वर्षं परीक्षा घेतल्या, पण नापास होणं काय असतं ते मला त्या टोपणाच्या आवाजानं शिकवलं. महिन्यानं कागद आला. मूळ वास्तू शिल्लक नाही, सबब प्रस्ताव परत.

तू एकदा शिवी द्यायला हवी होतीस, आबा. चारचौघांत म्हणायचंस, या मास्तरड्यानं माझ्या आईचं घर बाटवलं. मी ऐकून घेतलं असतं. मी रडलो असतो. माझी सुटका झाली असती. पण तू बाजारात भेटलास की "काय मास्तर, बरंय का?" म्हणायचास आणि पुढं जायचास. आणि मी काय केलं? मी उलटा चढलो! चोराच्या उलट्या बोंबा. म्हणालो, जाऊ दे ते घर, तिथं मोठं सभागृह बांधू, संगमरवर घालू, पुतळा बसवू. अर्जही लिहिला. तुझी सही आणायला मळ्यात आलो, तेव्हा तू वांगी तोडत होतास.

"पुतळा चौकात बसवा," तू म्हणालास. "पुतळ्याला कुठं बी बसवलं तरी चालतंय. माणूस हितं जल्मला. माणसाला भुई लागती."

"अरे, पण ती भुई राहिलीय कुठं?" मी ओरडलो. म्हणजे बघ, मीच घालवली आणि मीच तुझ्यावर ओरडलो.

तू वांग्याचं देठ मोडत म्हणालास, "आसंल की. फरशीखाली."

तो वाद आपला अर्धाच राहिला. मी अर्जाचा कागद घडी करून खिशात घातला, आणि बांधावरून घरी जाईपर्यंत तुझ्याशी मनातल्या मनात भांडत राहिलो. अजूनही कधीकधी भांडतो. आता तू उत्तर देत नाहीस, त्यामुळं मीच जिंकतो, आणि ते जिंकणं खायला उठतं.

मग एका सकाळी ठणठण ऐकू आली. मी चहा तसाच टाकून आलो. आतल्या खोलीत तू धोतर खोचून, पहार घेऊन फरशी उचकटत होतास. तेव्हा तू सत्तरीला टेकलेला. मी उंबऱ्यात उभा. आता बोलावं म्हणून मी तोंड उघडलं, तर तू न बघताच घमेलं माझ्या पायाशी सरकवलंस. "उचल," म्हणालास. मी उचललं. त्या दिवशी मी तेरा घमेली डबर बाहेर टाकलं, आणि जेवायला बसलो तेव्हा तू तुझ्या भाकरीवरची निम्मी चटणी माझ्या भाकरीवर घातलीस. झालं. एवढ्यावर आपलं मिटलं, असं तुला वाटलं. माझं मिटलं नव्हतं, आबा. माझं वाक्य तसंच राहिलं होतं.

त्यानंतरची ती दोन-अडीच वर्षं! माझ्या आयुष्यातली तेवढीच वर्षं मी खऱ्या अर्थानं शिकलो असेन. सिमेंट सोलून काढताना भिंतीचे लचके निघाले. नवी पांढरी माती कुठली आणायची, तर तू मला गावोगावच्या पडक्या पांढरीवर, जुन्या गावठाणांवर फिरवलंस. चिमूटभर माती जिभेवर ठेवून "ही न्हाय" म्हणून थुंकायचास. सणसरला एक म्हातारा गवंडी निघाला, ज्याला भुसा घालून माती मुरवायची रीत येत होती. त्याला दिसत नव्हतं नीट. तो खाटेवर बसून सांगायचा आणि आपण दोघं चिखल तुडवायचो, गुडघे धरून. तू मला म्हणालास, "मास्तर, ह्यो तुझा ढ वर्ग बरा हाय का?" मी म्हणालो, "विद्यार्थी म्हातारे आहेत, पण हजेरी शंभर टक्के." किती हसलो होतो! त्या चिखलातल्या एका सकाळसाठी मी आज काय वाटेल ते देईन.

मी नवा अर्ज लिहिला आणि बाई पुन्हा आल्या. या वेळी हार नाही, नारळ नाही, आणि कपबशा घरच्याच. त्या आतल्या खोलीत गेल्या आणि सरळ खाली बसल्या, भुईवर, साडीची पर्वा न करता. तळवा टेकवला. "माती नवी आहे," त्या म्हणाल्या. "हो," तू म्हणालास. "खोटं कशाला बोलू? वरचं चार बोटं नवं हाय. खालचं आईचं हाय." बाई हसल्या. त्यांनी ते तसंच लिहून घेतलं, वरचं नवं, खालचं जुनं. मग विचारलं, "आणि हे असंच ठेवणार कोण?" तू शाळेतल्यासारखा हात वर केलास. डावा.

मंजुरी आली. पुढच्या महिन्यात आप्पासाहेबांच्या जयंतीला घर लोकांसाठी उघडायचं ठरलं. आणि त्यानंतरच्याच सोमवारी तू नेहमीसारखं सारवून, हात धुऊन, मळ्यात गेलास आणि वाफ्यातच बसलास तो बसलासच. सुमनला निरोप जाईपर्यंत तू नव्हतास. मी आलो तेव्हा तुझ्या डाव्या हाताच्या नखांत शेण वाळलेलं होतं. ते मी काढू दिलं नाही कुणाला.

घरी येऊन मी जुन्या घराला कुलूप लावलं. किल्ली माझ्या कनवटीला. कारण आत तुझा शेवटचा हात होता. भिंतीपासून उंबऱ्यापर्यंत, ओळीनं, तुझे ते उलटे अर्धगोल. चार बोटं अन् अंगठा मोजता येत होता. मी रोज जाऊन दार किलकिलं करायचो, बघायचो आणि परत लावायचो. सोमवार आला, तोही तसाच गेला. थंडीच्या कोरड्या हवेनं भुईनं पोपडे धरले, कोपऱ्यात मुंग्यांनी माती काढली. सरपंच म्हणाले, "मास्तर, आपण वरनं काच बसवू. आबांचा हात कायमचा ऱ्हाईल. लोकांना दाखवता येईल." मला ते इतकं पटलं, की मी कागदावर काचेचं माप लिहूनसुद्धा ठेवलं.

काल दहावा झाल्यावर नदीवरनं सुमन सरळ माझ्या घरी आली. डोळे सुजलेले, पण आवाज तुझाच.

"काका, किल्ली द्या."

"पोरी, आत तुझ्या बापाचा हात हाय," मी म्हणालो. "काच बसवतोय आमी. कायमचा राहील."

"काच?" ती म्हणाली. "काका, मागल्या बारीला फरशी. आता काच. तुमाला काय ना काय झाकायलाच लागतंय व्हय?"

आबा, तू जे तीन वर्षं बोलला नाहीस, ते तुझ्या पोरीनं एका दमात बोलून टाकलं. मी खालीच बसलो. मग ती जवळ बसली आणि मऊ होऊन म्हणाली, "अवो, आबा ती भुई राखत हुते. सवताचा हात न्हवते राखत. दर सोमवारी मागल्या सोमवारचा हात तेच मोडत हुते की."

हे मला सुचलं नव्हतं. दर सोमवारी तू आपला हात आपणच पुसायचास. त्याच्याखाली वहिनींचा, त्याच्याखाली आईचा. फरशी उचकटली तेव्हा वरचे किती थर निघून गेले असतील, पण खालचं आईचं राहिलं. तेवढ्यासाठी तू पहार उचललीस.

मी कुलूप काढलं. सुमननं गोठ्यातली तुझी बादली आणली, शेण कालवलं, थोडी पांढरी माती घातली. मला वाटलं ती सारवेल. तिनं बादली माझ्यापुढं ठेवली. "तुमी," म्हणाली. माझे गुडघे तुला माहीत आहेत. तरी बसलो. "भिंतीपासनं दाराकडं या, काका. न्हायतर आत आडकून बसाल," ती हसली, आणि हसताना रडली.

पहिला हात फिरवला. तुझा एक अर्धगोल गेला. मग दुसरा. मी उजव्या हातानं सारवत होतो, तुझे वळसे एकीकडं, माझे दुसरीकडं, आणि माझे तर वळसेही नव्हेत, नुसते फरकाटे. उंबऱ्यापाशी आलो तेव्हा तुझा शेवटचा एक हात उरला होता, वीतभर. तेवढा सोडावा असं फार वाटलं. सुमन नुसती बघत राहिली. मी बादलीत डावा हात घातला आणि तो शेवटचा हात डाव्या हातानं मोडला.

तेव्हा म्हणालो. मोठ्यानं म्हणालो, रिकाम्या खोलीला. "चुकलं माझं, आबा."

आज सकाळी मी एकटाच गेलो. थंडी कडाक्याची आहे, उसाच्या ट्रॅक्टरांच्या आवाजानं रस्ता जागा झालेला. वहाणा बाहेर काढल्या, वाकलो, आत शिरलो. भुई वाळली होती. उंबऱ्यात थांबून एक पाय आत टाकला, मग दुसरा, आणि तू उभा होतास तिथंच बराच वेळ उभा राहिलो.

गार लागत न्हाय, आबा.